तीन मिलिमीटर

नवी फाइल उघड, बाचो.
रुंदी नव्वद, उंची एकशेवीस,
एवढंच लेबल बाटलीला चिकटणार.
आता खाली बघ, जिथे तू कधीच बघत नाहीस:
ब्लीडच्या चार चौकटी, चारांत शून्य.
चारांत तीन लिही.

आली ना पानाभोवती लाल रेघ?
काळ्या रेघेवर पातं पडेल,
रंग मात्र लाल रेघेपर्यंत गेला पाहिजे.
मधली पट्टी कुणासाठी? कुणासाठीच नाही.
ती छापायची आणि कापून टाकायची.

हसू नकोस. मीही हसले होते.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
नुगझारच्या छापखान्यात उलटं:
पाय जाऊ देत बाहेर, अंथरूण मागाहून कापू.
कारण कागद हलतो.
रिओनीवरून दमट वारा आला की फुगतो,
स्टोव्ह पेटवला की आकसतो.
पाचशेच्या थप्पीत वरचा आणि तळाचा
एकाच जागी कापले जात नाहीत.
काळ्या रेघेपाशी थांबलास
तर कडेला पांढरं उरतं, नखाच्या कडेइतकं,
आणि गिऱ्हाइकाला तेवढंच दिसतं.

माझी आई ऑपेरातल्या कोरसचे अंगरखे शिवायची.
बेतताना बोटभर माया सोडायची.
माया दिसत नाही, म्हणायची,
पण नसली तर पहिल्याच लांब सुराला
काखेत उसवतं.
मला ते इथे कळलं, या लाल रेघेपाशी,
चाळिशी लागल्यावर.

अन्झोर आला होता, वानीकडचा.
त्सोलिकौरीचे वेल, वर्षाला आठशे बाटल्या.
फोटोत तो, शेजारी गळ्यापर्यंत पुरलेला रांजण,
आणि उजवी कड कापलेली,
कात्रीने नव्हे, पट्टी धरून, ब्लेडने.
मी म्हटलं, उजवीकडे तीन मिलिमीटर हवेत.
"तिथे काही नाही."
काहीतरी लागेल, नाहीतर पांढरं दिसेल.

कॉम्प्युटरला सांगितलं तर तो भरून देतो,
शेजारचंच उचलून.
भरून पाहिलं: अन्झोरच्या खांद्याला
आणखी एक खांदा फुटला, त्याचाच.
तो बराच वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी पावाच्या पिशवीतून निगेटिव्ह आणली.
खिडकीत धरली. रांजणापाशी दोघं.
धाकटा तेंगिझ, त्याचा हात थोरल्याच्या पाठीमागून
पलीकडच्या खांद्यावर.
ती चार बोटं कापलेल्या फोटोतही होती.
मी सदऱ्याची चुणी समजले होते.
"जमिनीवरून," अन्झोर म्हणाला. "अकरा वर्षं."
मग खुर्चीवरून उठत:
"तीनच. जास्त नको."

तीन मिलिमीटरांत काय मावतं?
निळ्या बाहीचा कडेचा भाग,
कोपराची एक घडी.
ते मी लाल रेघेपर्यंत नेलं.
नुगझारने थप्पी ठोकून सरळ केली,
दाबपट्टी उतरली, मग पातं.
निळ्या चिंध्या पायाखालच्या खोक्यात.

तपासायला बसले तर शेवटच्या गठ्ठ्यात
माप सरकलेलं.
चाळीसेक लेबलांच्या उजव्या कडेला
केसाएवढा निळा.
नुगझारने मान खाली घातली, परत छापतो म्हणाला,
कागद माझा.
अन्झोरने एक लेबल उजेडात धरलं,
अंगठ्याने कड पुसली, जणू तिथे शाई ओली होती.
"ही वेगळी बांधा. ही विकायची नाहीत."

कुणाकडे गेल्या त्या बाटल्या, मी विचारलं नाही.
गेल्या सप्टेंबरात तो नव्या वर्षाचं लेबल करायला आला,
फोटो तोच दे म्हणाला, आणि निघताना दारातून,
"ब्लीड थोडं वाढवता येतं का?"
मी म्हटलं, येतं. पाचपर्यंत.
तो आकडा त्याने तळहातावर लिहून घेतला.

पण तुझी चौथी चौकट अजून शून्यच आहे, बाचो.
उजवीकडची.